मागच्या दारची वेल

गावच्या घरचे गौरी-गणपती आटोपून मुंबईला परतायच्या दिवशी दौलतची बायको प्रमिला बसमध्ये चढलीच नाही. दौलत आत जाऊन बसला, तेव्हा तिने खिडकीतून खोबऱ्याच्या वड्यांचा डबा त्याच्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. तिची बॅग घरातून निघालीच नव्हती, हे त्याच्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

“तुमी व्हा फुडे,” ती म्हणाली. “मी हयच ऱ्हवतंय.”

“किती दिस?”

ड्रायव्हरने हॉर्न दिला. दौलतला वाटलं, राहील आठवडाभर, बहिणीकडे जाऊन येईल. बस वळली तेव्हा त्याने मागे वळून बघितलंही नाही. डबा घसरू नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरून बसला होता.

दौलत परबची सगळी नोकरी परळच्या एका सरकारी हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात गेली. वडील गिरणीत होते. त्यांनी घेतलेल्या परळच्या बैठ्या चाळीतल्या दोन खोल्यांत तो जन्मला, त्याचं लग्न झालं, मुलगी मोठी होऊन पुण्याला नोकरीला गेली. निवृत्त होऊन त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. चाळीच्या मागे जुन्या गिरणीची उंच भिंत होती. गिरणी गेली, तिथे टॉवर आला, पण भिंत तशीच राहिली. खोल्यांची मागची दारं आणि ती भिंत यांच्यामधे मातीची एक पट्टी होती. प्रमिलाने तिथे अळू, कढीपत्ता, अबोली, कुंड्यांमधून मिरच्या असं बरंच काही लावलं होतं. भिंतीवर आईसक्रीमची वेल होती. बदामाच्या आकाराची पानं आणि गुलाबी फुलांचे तुरे. चाळीत नव्याने येणारा प्रत्येक जण आधी त्या वेलीचं कौतुक करायचा.

आठवड्याने प्रमिलाचा फोन आला. ती वेंगुर्ल्याजवळ आपल्या धाकट्या बहिणीकडे होती. बहीण विधवा, घरात एकटी.

“मी आता येवचंय नाय,” प्रमिला म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता. “माझी बीपीची चिठ्ठी कपाटात आसा, तिचो फोटो तेवढो पाठवा.”

“बरा,” दौलत म्हणाला.

फोन ठेवून त्याने चिठ्ठी शोधली, फोटो काढून पाठवला आणि भात लावला. भात झाल्यावर जेवला. काहीतरी वाटायला हवं, असं त्याला वाटत होतं. पण हॉस्पिटलात दात काढल्यावर जबडा जसा आपला नसल्यासारखा होतो, तसं सगळं अंग झालं होतं. बोट लावलं तर कळायचं की इथे काहीतरी आहे. एवढंच.

शेजारच्या खोलीत आनंदीबाई राहायच्या. वय ऐंशीच्या घरात. दौलतच्या आईच्या मैत्रीण, म्हणून तो त्यांना काकी म्हणायचा. मुलगा राजेश फोर्टात एका ऑफिसात होता, सून शाळेत. आनंदीबाईंनी दोन दिवसांनी विचारलंच.

“रे दौलत, प्रमिला खय?”

“तिची भैन आजारी आसा.”

“काय झाला तिका?”

“ताप,” तो म्हणाला. मग महिनाभर त्या बहिणीचा ताप उतरला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही त्याने तेच सांगितलं, हॉस्पिटलातला जुना सहकारी भेटला त्यालाही. मुलीला, प्राचीला काही सांगावं लागलं नाही. ती फोनवर फक्त “जेवलात का बाबा?” एवढंच विचारायची आणि आईचं नाव काढायची नाही.

पाऊस ओसरायला लागला तशी वेल वाढत सुटली.

दौलतला ते दिसत होतं, पण दिसणं आणि कळणं यांच्यात काही संबंध उरला नव्हता. सकाळी चहाचा कप घेऊन तो मागच्या दारात बसायचा. आधी वेल भिंतीवर होती. मग ती कपडे वाळत घालायच्या तारेवर आली. तिथून खाली लोंबून अबोलीवर पडली, आणि अबोली दिसेनाशी झाली. अळूची पानं पिवळी पडली. मोरीच्या झरोक्यातून एक कोवळा फुटवा आत आला आणि नळाला विळखा घालून बसला. दौलतने नळ सोडताना तो बाजूला केला, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच. त्याने मग नळाचा वापरच कमी केला आणि बादलीतलं पाणी घ्यायला लागला.

राजेशने पहिल्यांदा हसत हसत सांगितलं. “काका, तुमची वेल आमच्या शेवग्यावर चढलीय हां. जरा छाटून घ्या ना. मधमाश्या पण खूप झाल्यात.”

“घेतो,” दौलत म्हणाला.

दुसऱ्यांदा राजेश हसला नाही. “काका, सीरियसली. शेवगा वाकलाय. आणि खाली सगळीकडे पसरलीय, आईला पाय ठेवायला जागा नाही. मीच मारू का कोयता?”

“नको, मी करतो रविवारी.”

रविवारी तो मागच्या दारात बसला. भिंत आता दिसतच नव्हती. सगळं गुलाबी झालं होतं आणि त्यातून मधमाश्यांचा एकसारखा आवाज येत होता. तो आवाज ऐकत बसलं की दुपार निघून जायची. त्या रविवारचीही गेली.

त्यानंतरच्या एका सकाळी आनंदीबाई तुळशीला पाणी घालायला मागे आल्या. त्यांच्या तुळशीपर्यंत वेल पोचली होती आणि तिचे लांब धागे वाटेवर आडवे पडलेले होते. दौलत आत दाढी करत होता. तांब्या पडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, आणि मग हळू, जवळजवळ लाजल्यासारखी हाक आली.

“दौलत… रे दौलत… माझो पाय अडाकलो.”

तो धावला. त्या कुशीवर पडल्या होत्या. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता आणि घोट्याला हिरवा विळखा तसाच होता. तो पाय बघताक्षणीच दौलतला कळलं. असे पाय त्याने आयुष्यभर बघितले होते.

“हलू नका काकी. अजिबात हलू नका.”

राजेश आणि तो दोघे त्यांना टॅक्सीतून हॉस्पिटलात घेऊन गेले, दौलतच्याच हॉस्पिटलात. एक्स-रेच्या खोलीत आता स्वप्नील नावाचा तरुण होता, दौलतच्याच हाताखाली शिकलेला. “सर, तुम्ही आत या,” तो म्हणाला. दौलत काचेमागे उभा राहिला. स्क्रीनवर चित्र उमटलं. मांडीच्या हाडाची मान तुटून सरकली होती. डॉक्टरांनी सांगायच्या आधी त्याला ऑपरेशन दिसलं, वॉकर दिसला, त्या कितपत चालतील हेही दिसलं. एक्स-रेची पोझिशन चांगली आलीय, असा विचार त्याच्या मनात आला. त्यापलीकडे काही आलं नाही. काचेच्या पलीकडे आनंदीबाई डोळे मिटून पडल्या होत्या. लहानपणी ताप आला की याच बाई त्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी ठेवत बसायच्या. ते त्याला आठवलं, पण दुसऱ्या कुणाचं तरी आठवावं तसं आठवलं.

आपल्याला काहीच होत नाहीये, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळलं, आणि त्याची थोडी भीती वाटली.

बाहेर राजेश भिंतीला टेकून उभा होता. “काका, मी तुम्हाला दोनदा बोललो होतो,” तो म्हणाला. ओरडला नाही. दौलत त्याच्या बाजूला उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी आनंदीबाईंचं ऑपरेशन नीट पार पडलं. दौलत घरी आला, शर्ट बदलला, शेजारून कोयता मागून आणला आणि वेल कापायला लागला. संध्याकाळपर्यंत कापत होता. मधमाश्या दोनदा चावल्या. कोवळी वेल सहज तुटायची, जुनी बुंध्याशी दोरखंडासारखी झाली होती. शेवग्यावरून ओढताना शेवग्याची एक फांदीही आली. कापलेली वेल त्याने गोण्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत टाकली. मग कुदळीने बुंध्याशी दोन-चार घाव घातले, वरवर माती उकरली, हाताला लागलं तेवढं मूळ तोडून तिथेच पसरून ठेवलं. भिंत पुन्हा दिसायला लागली. काळी, ओली, मधेच पोपडे निघालेली.

दिवाळी झाली आणि ती उघडी माती ठिकठिकाणी उकलली. तांबूस कोंब. जिथे बुंधा होता तिथेच नव्हे, जिथे त्याने तुकडे पसरले होते तिथे सगळीकडे.

तेव्हा त्याने प्रमिलाला फोन केला. त्या बिचाऱ्या बहिणीने फोन घेतला, घाबरून “भावोजी?” म्हणाली आणि प्रमिलाला हाक मारली.

“ती वेल कशी मारतत?” दौलतने विचारलं.

तिला वेगळ्याच कुठल्या प्रश्नाची अपेक्षा असावी.

“खयची? आईसक्रीमची?”

“होय. काकी पडली तिच्यात पाय अडकून. हाड मोडला.”

“अरे देवा,” ती म्हणाली. तिने सगळं विचारून घेतलं. कुठलं हाड, कुठला डॉक्टर, सून रजा घेणार का. मग म्हणाली, “नुसती कापून जावची नाय ती. खाली गड्डे आसत, रताळ्यासारखे. ते खणून काढूक होये. एक तुकडो जरी ऱ्हवलो तरी परत येतलो. तुमी कुदळीन फोडलात काय?”

“होय.”

“मगे एकाचे धा केलात. आता हातान काढा. पावसात माती मऊ आसता, आता कडक झाली आसतली, आधी पाणी मारा. गड्डे मातीत टाकू नका, कचऱ्यातय नको. उन्हात पत्र्यावर सुकवा आणि मगच टाका. आणि फुला येवच्या आधी खुडा, बी पडाक देव नका.”

“तू कसा करी होतंस?”

“दर आठवड्याक. तुमी ड्युटीवर गेल्यार. आणि रिटायर झाल्यार, तुमी दुपारचे झोपल्यार.”

त्याला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं वेल भिंतीपुरतीच राहायची, ती आपोआप राहते असं त्याला वाटत आलं होतं.

“तू लावलंस कित्याक मगे ती?” त्याने विचारलं.

“मी नाय लावलंय. तुमीच हाडलात. प्राची दहावीक होती. मी म्हटलंय, ही भिंत बघून तुरुंगात बसल्यासारख्या वाटता. तर तुमी हॉस्पिटलाच्या कुंपणाची फांदी तोडून पिशयेतून घेवन इलात.”

“माका आठवणा नाय.”

“माका आठवता,” ती म्हणाली. “मी खूश झाल्लंय तेव्हा.”

दुसऱ्या दिवसापासून तो खणायला बसला. आधी पाणी मारायचं, माती मऊ झाली की खुरप्याने उकरायचं, मग बोटांनी मुळाचा माग काढत खाली जायचं. गड्डे वाकडेतिकडे, तपकिरी, एकाला एक चिकटून. काही बोराएवढे, काही हाताच्या पंज्याएवढे. ओढून चालत नसे, मधेच तुटायचे. भोवतालची सगळी माती सैल करून अंगासकट उचलावे लागत. गुडघे दुखायचे म्हणून त्याने पोत्याची घडी खाली घेतली. नखांत माती राहायला लागली. राजेश सकाळी ऑफिसला निघताना एकदा दारातून बघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्याकडची जुनी लोखंडी पहार आणून भिंतीला टेकवून ठेवली.

काम संपायचं नाही. एका कोपऱ्यात साफ केलं की दुसरीकडे कोंब. मग त्याने अर्ध्या पट्टीवर जुना जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला, वर विटा ठेवल्या आणि उरलेल्या अर्ध्यात खणत राहिला. आठवड्यातून एकदा प्रमिलाला फोन करायचा. बोलणं वेलीचं असायचं. भिंतीच्या फटीतला कोंब कसा काढायचा? बुंध्याला औषध लावू का? ती सांगायची, औषध नको, बाजूक कढीपत्तो आसा. मधेच कधी ती स्वतःचं काही बोलायची. बहिणीने तिला पापडाच्या कामाला सोबत घेतलं होतं. सकाळी उठून ती पडवीत चहा पीत बसते, कुणाला काय हवं ते बघावं लागत नाही. दौलत ऐकायचा आणि “बरा” म्हणायचा.

नाताळच्या सुट्टीत प्राची आली. बापाचे हात बघून तिने नेलकटर शोधून आणलं. तिने त्याची नखं कापून दिली, लहान मुलाची कापतात तशी. नेलकटर चालवताना खाली बघतच ती म्हणाली, “बाबा, आईने मला गणपतीच्या आधीच सांगितलं होतं. ती परत येणार नाही ते.”

“तुका माहीत होता?”

“हो. मी तिला म्हटलं, बाबांना सांग. ती म्हणाली, सांगायला सुरुवात कुठून करू तेच कळत नाही.” प्राचीने त्याचं दुसरं बोट धरलं. “तुम्ही कधी भांडलासुद्धा नाहीत ना, म्हणून.”

प्राचीला रडू येत होतं. दौलतने दुसऱ्या हाताने तिच्या पाठीवर थोपटलं. आपण पाठीवर थोपटतो आहोत, हे त्याला लांबून दिसत होतं.

आनंदीबाई तोवर घरी आल्या होत्या. वॉकर घेऊन मागच्या दारापर्यंत यायच्या आणि खुर्चीत बसून दौलतचं खणणं बघायच्या. पडल्याबद्दल त्यांनी त्याला एकदाही बोल लावला नाही. त्यामुळे त्याला बरं वाटलं नाही. एके दिवशी त्या म्हणाल्या, “प्रमिलाच्या भैनीचो ताप उतारलो काय रे?”

दौलतने खुरपं खाली ठेवलं. “भैन बरी आसा काकी. तिका काय झालाच नव्हता. प्रमिला आता थयच ऱ्हवता.”

“माका म्हायती आसा,” आनंदीबाई म्हणाल्या. “खण तू.”

त्या संध्याकाळी त्याने प्रमिलाला फोन केला आणि वेलीबद्दल काही विचारलं नाही. “माझा काय चुकला?” एवढंच विचारलं.

तिच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

“तुमचा काय चुकूक नाय,” ती म्हणाली. “तुमी कधी मारलात नाय, दारू नाय, काय नाय. मी लोकांका काय सांगू? पण माका आता कोणाची वाट बघूक नको. तुमी घरात आसलात तरी मी वाटच बघी होतंय. आता नको माका.”

“बरा,” तो म्हणाला. मग पहिल्यांदाच त्याला वाटलं की हा शब्द पुरत नाही. पण दुसरा सापडला नाही. तिनेही फोन लगेच ठेवला नाही.

शिमगा होऊन गेल्यावर प्रमिला दोन दिवस आली. तिला तिची शिलाई मशीन न्यायची होती, आणि आनंदीबाईंना बघायचं होतं. दारात आली तेव्हा दौलत काय म्हणावं ते न सुचून म्हणाला, “उन्हाचा त्रास झाला काय?” ती म्हणाली, नाही, एसीची बस होती. ती थोडी सावळी झाली होती आणि चालणं सैल झालं होतं. पाहुणीसारखी ती आधी बाहेरच्या खोलीत बसली. त्याने पाणी आणून दिलं.

मग ती मागे गेली. भिंत मोकळी होती. पट्टीतली माती भुसभुशीत, काळीभोर झाली होती, आणि अबोलीला खालून नवी पानं फुटली होती. पत्र्यावर सुकलेले गड्डे पडले होते, लाकडाच्या ढलप्यांसारखे. प्रमिला उकिडवी बसली, मातीवरून तळवा फिरवला. भिंतीच्या मुळाशी, विटेच्या आड, एक कोंब होता. दौलतला तो दिसला नव्हता. तिने तो खुडला नाही. खुरपं मागून घेतलं, बाजूची माती सैल केली आणि अख्खा गड्डा हलकेच वर उचलून त्याच्या हातावर ठेवला.

“बरा केलात हो काम,” ती म्हणाली. “पावसात परत येतलीच. पाचेक वर्षा तरी लक्ष ठेवूक होया.”

“ठेवतंय,” तो म्हणाला.

त्या दुपारी त्याने बांगडे तळले. एका बाजूने करपले. ती जेवली आणि आतल्या खोलीत पंख्याखाली गाढ झोपली. दौलत भांडी घासत होता. इतक्या वर्षांत ती दुपारची कधी झोपलीच नव्हती, की त्यानेच बघितलं नव्हतं, त्याला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी राजेशने आणि त्याने मशीन उचलून बसच्या पोटात ठेवली. प्रमिलाने खिडकीतून सांगितलं, “गणपतीक येवा. आरतीक घरचो माणूस होयो.” दौलतने मान हलवली. त्याला म्हणायचं होतं, मी येईन आणि परत जाईन, तू काळजी करू नकोस. पण बस सुटली होती.

घरी आला तेव्हा आनंदीबाई मागच्या दारात त्यांच्या खुर्चीत होत्या.

“गेली?”

“गेली.”

“जेवलंस?”

“नाय.”

त्यांनी सुनेला हाक मारून ताट मागवलं. भात, कुळथाची पिठी, एक भाजलेला पापड. दौलत पायरीवर बसला, ताट मांडीवर घेतलं. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. तिसरा घास तोंडात फिरायला लागला आणि गिळवेना. त्याने प्रयत्न केला. घास घशाशी येऊन थांबला, डोळ्यांतून पाणी आलं, ते नाकावरून ताटात पडलं.

आनंदीबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. “सावकाश,” त्या म्हणाल्या. “घाई काय आसा तुका?”

त्याने पेला घेतला. घास खाली उतरेपर्यंत तो तसाच बसून राहिला.